नाकतोड्याच्या पेशीतली छोटी पोथी : मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम आणि टोळांची वंशावळ



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आधीच विचारलं, की नाकतोड्याच्या मायटोकॉन्ड्रियात काय लिहिलंय हे बघून आपल्याला करायचंय काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज सुरुवात प्रयोगशाळेतून न करता शेतातून करू.

मे २०२० आठवून बघा. टाळेबंदी चालू होती. राजस्थान, मध्य प्रदेश असं करत टोळांचे थवे विदर्भात उतरले. अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांतल्या संत्र्याच्या आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात लोकांनी थाळ्या बडवल्या, डबे वाजवले, धूर केला. टोळ अंधार पडल्यावर झाडांवर बसतात, म्हणून फवारणी रात्री आणि पहाटे झाली. त्याच सुमारास तमिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यातही लोक घाबरले. तिथे रुईच्या झाडांवर नाकतोड्यांची गर्दी दिसली होती, 'टोळ आले' अशी हाकाटी झाली. जाणकारांनी जाऊन बघितलं, तर तो रुईवरच राहणारा निळा-पिवळा रंगीत नाकतोडा होता. पोएकिलोसेरस पिक्टस त्याचं शास्त्रीय नाव. आपल्या माळरानावर, रस्त्याच्या कडेला रुई असेल तिथे तुम्ही तो पाहिला असेल. विदर्भात आले ते टोळ आणि हा रुईवरचा नाकतोडा यांचं कूळसुद्धा एक नाही.

आता बघा, इथे नाव चुकलं तर काय होतं? एका बाजूला विनाकारण विषाची फवारणी. दुसऱ्या बाजूला, खरे टोळ असताना 'आपलेच नाकतोडे आहेत' म्हणून गप्प बसलं, तर पीक हातचं जातं. वाळवंटी टोळांच्या एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी प्रौढ टोळ असू शकतात, आणि प्रत्येक जण रोज आपल्या वजनाइतकं, म्हणजे साधारण दोन ग्रॅम खातो. तेव्हा 'हा कोण आहे' हा प्रश्न पुस्तकी नाही. या प्रश्नाचं उत्तर देण्याचं एक साधन म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम. ते साधन फार उपयोगी आहे, आणि नाकतोड्यांच्या बाबतीत ते फसवतंही. आज दोन्ही बाजू बघायच्या आहेत.

'टोळ' हे कुळाचं नाव नाही

सुरुवातीला शब्दांची बोली करून घेऊ. आज आपण 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज, 'वंश' म्हणजे जीनस आणि 'कूळ' म्हणजे फॅमिली असं धरून चालू. मराठीत हे शब्द वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे वापरलेले दिसतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

नाकतोड्यांचं सगळ्यांत मोठं कूळ म्हणजे अ‍ॅक्रिडिडी. त्यात साडेसहा हजारांहून अधिक प्रजाती आहेत. त्यांतल्या 'टोळ' म्हणाव्यात अशा सुमारे वीस. टोळ म्हणजे काय? तर असा नाकतोडा, जो एकटादुकटा असताना साधा, बुजरा असतो, पण गर्दी वाढली की त्याचा रंग बदलतो, वागणं बदलतं, शरीराची मापंसुद्धा बदलतात, आणि तो थव्यानं फिरायला लागतो. ही वीसेक मंडळी वंशावळीत एका फांदीवर बसलेली नाहीत. इकडे एक, तिकडे दोन, अशी विखुरलेली आहेत. म्हणजे टोळपण हे आडनाव नाही, तो स्वभाव आहे, आणि तो वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आलेला आहे.

हे कळायला वेळ लागला. बोरिस उवारोव्ह नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२१ साली दाखवून दिलं, की लोकस्टा मायग्रेटोरिया आणि लोकस्टा डॅनिका या दोन वेगळ्या समजल्या जाणाऱ्या प्रजाती प्रत्यक्षात एकच आहेत. एक गर्दीतलं रूप, दुसरं एकांतातलं. दिसायला इतकी वेगळी, की तज्ज्ञांनी त्यांना दोन नावं दिली होती.

ही झाली एक फसगत. एकाच प्रजातीची दोन रूपं वेगळी दिसतात. याच्या बरोबर उलटी फसगतही आहे. पावसाळ्यात गवतात हिंडताना निमुळत्या, तिरक्या तोंडाचे हिरवे नाकतोडे दिसतात, अगदी गवताच्या पात्यासारखे. त्यांतला एखादा अ‍ॅक्रिडा वंशाचा असतो, तर शेजारचा अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा वंशाचा. अनोळखी माणूस म्हणेल, भाऊभाऊच आहेत. पण अ‍ॅक्रिडा हा अ‍ॅक्रिडिडी कुळातला, म्हणजे वाळवंटी टोळाच्या कुळातला. आणि अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा पिर्गोमॉर्फिडी कुळातला, म्हणजे त्या रुईवरच्या रंगीबेरंगी नाकतोड्याचा नातेवाईक. गवतात लपायचं तर गवतासारखं दिसावं लागतं, म्हणून दोन वेगळ्या घराण्यांनी एकच वेष घेतला.

थोडक्यात काय, नुसत्या दिसण्यावर जाऊन चालत नाही. जुने वर्गीकरणकार हे ओळखून होते. म्हणून ते नराच्या जननेंद्रियांची बारीक रचना, छातीखालचा उंचवटा, कपाळावरची खाच अशा गोष्टी बघत. ते काम आजही मोलाचं आहे. पण त्याच्या जोडीला दुसरा साक्षीदार हवा होता.

पोथ्या, पाठभेद आणि वंशावळ

तो साक्षीदार पेशीत आहे. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. मोठा साठा पेशीकेंद्रकात. आणि एक छोटासा, गोल कड्यासारखा डीएनए मायटोकॉन्ड्रियात. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची ऊर्जा तयार करणारी कणिका, शाळेत तिला आपण तंतुकणिका म्हणत होतो.

लोकस्टा मायग्रेटोरिया या टोळाचा हा गोल डीएनए १९९५ साली पूर्ण वाचला गेला. त्याची लांबी भरली १५,७२२ अक्षरं. त्यात ३७ जनुकं. १३ जनुकं प्रथिनं बनवण्याची, २२ वाहक आरएनएची आणि २ रायबोसोमच्या आरएनएची. शिवाय एक नियंत्रक पट्टा. आता याच टोळाच्या पेशीकेंद्रकातला जीनोम बघा. २०१४ साली त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला, तो सुमारे साडेसहाशे कोटी अक्षरांचा. माणसाच्या दुपटीहून मोठा! नाकतोड्यांचे केंद्रकातले जीनोम कीटकांमध्ये सगळ्यांत अवजड समजले जातात. असा अवजड ग्रंथ प्रत्येक प्रजातीचा वाचायचा म्हटलं तर खर्च आणि वेळ दोन्ही परवडत नाही. त्यापुढे सोळा हजार अक्षरांची ही छोटी पोथी केव्हाही बरी. त्यातून प्रत्येक पेशीत तिच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे मागच्या पायाच्या मांडीतला चिमूटभर स्नायू घेतला तरी काम भागतं. पाय काढला तरी बाकीचा कीटक पिनेवर टोचून नमुना म्हणून जपता येतो, हा आणखी एक फायदा.

पोथी हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली हे तुम्हाला ठाऊक आहे. विष्णु सीताराम सुकथनकर त्या कामाचे प्रमुख संपादक होते, १९६६ साली ते पूर्ण झालं. तिथे पद्धत काय होती? देशभरातल्या हस्तलिखित पोथ्या गोळा करायच्या आणि ओळ न् ओळ ताडून बघायची. नकलनवीस पोथी उतरवताना चुका करतो. त्याच्या पोथीवरून जो पुढची नक्कल करतो, तो त्या चुकाही उतरवून घेतो आणि स्वतःच्या दोन घालतो. मग दहा पोथ्यांत एकच विशिष्ट पाठभेद सापडला, तर त्या दहाही एका जुन्या प्रतीवरून आल्या असा अंदाज बांधता येतो.

आपण नाकतोड्यांच्या बाबतीत हेच करतो. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून पिल्लांना जातो. आई, आजी, पणजी अशी एकच रेघ. नक्कल होताना अधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. निरनिराळ्या प्रजातींच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि कोणते बदल कोणाकोणात सामायिक आहेत ते पाहिलं, की फांद्या दिसू लागतात. यात एक बारकावा लक्षात ठेवायचा. नुसतं साम्य बघायचं नाही, नव्यानं आलेलं साम्य बघायचं. मूळ पाठ सगळ्यांकडेच असतो, त्यावरून जवळचं नातं ठरत नाही.

पोथीची सगळी पानं सारख्या वेगानं बदलत नाहीत, हेही सोयीचं आहे. रायबोसोमची जनुकं सावकाश बदलतात, ती जुन्या, खोल फांद्यांसाठी बरी. प्रथिनांच्या जनुकांत तीन-तीन अक्षरांचा एक शब्द असतो, त्यातलं तिसरं अक्षर भराभर बदलतं. ते जवळच्या नात्यांसाठी उपयोगी. फार जुन्या नात्यांसाठी मात्र तेच अडचण करतं, कारण तिथे एकाच जागी बदलावर बदल झालेले असतात. त्यातून या पोथीतली सुमारे तीन चतुर्थांश अक्षरं ए आणि टी ही दोनच असतात. अक्षरं मोजकी, त्यामुळे दोन अनोळखी पोथ्यांत योगायोगानं तीच चूक होण्याची शक्यता वाढते. म्हणून गणितं करताना या गोष्टी हिशेबात धरणारी प्रारूपं वापरावी लागतात.

कधीकधी मात्र अक्षरच नव्हे, तर पानांचा क्रमच बदललेला सापडतो. बहुतेक कीटकांत लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल यांच्या वाहक आरएनएची जनुकं शेजारी असतात, आधी लायसिन, मग अ‍ॅस्पार्टिक. फळमाशीत तसंच, रातकिड्यांत तसंच, लांब मिशांच्या नाकतोड्यांतही तसंच. टोळांत मात्र तो क्रम उलटा आहे, आधी अ‍ॅस्पार्टिक, मग लायसिन. आखूड मिशांच्या नाकतोड्यांच्या मोठ्या गटात ही अदलाबदल आढळते. आपल्या अ‍ॅक्रिडाचं कूळ आणि अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फाचं कूळ, दोन्हींत. म्हणजे ही दोन कुळं एका मोठ्या घरातली आहेत, पण त्या घरात ती वेगळ्या खोल्यांत राहतात, हे पुढे अक्षरांच्या तपशिलातून कळतं.

एका टोळाची डझनभर नावं

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लोकस्टा मायग्रेटोरिया हा टोळ आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. इतक्या मोठ्या प्रदेशात हवामानानुसार आकार, रंग, पंखांची लांबी बदलते. अभ्यासकांनी त्यावरून त्याच्या डझनभर उपप्रजाती सांगितल्या होत्या. आफ्रिकेतली वेगळी, मादागास्करमधली वेगळी, ब्रह्मदेशातली वेगळी.

चिनी विज्ञान अकादमीतल्या संशोधकांनी २०१२ साली या टोळाच्या ५३ ठिकाणच्या ६५ नमुन्यांचे मायटोकॉन्ड्रियाचे जीनोम पूर्ण वाचले. एखाददुसरं जनुक नाही, सगळी पोथी. त्यातून दोनच मोठ्या फांद्या निघाल्या. एक उत्तरेची, युरोप-आशियाच्या थंड आणि समशीतोष्ण प्रदेशातली. दुसरी दक्षिणेची, आफ्रिका, दक्षिण युरोप, अरबस्तान, भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया अशी पसरलेली. मूळ आफ्रिकेत, आणि तिथून दोन वाटांनी प्रसार. तेव्हा डझनभर नावांऐवजी दोनच उपप्रजाती मानाव्यात, असा प्रस्ताव त्यांनी मांडला.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, रंग आणि मापं यांवर हवामानाचा आणि गर्दीचा इतका प्रभाव असतो, की त्यावरून घराणं ठरवणं धोक्याचं. दुसरी, एक छोटं जनुक वाचलं असतं, तर इतक्या जवळच्या नात्यांत पुरेसे पाठभेदच मिळाले नसते. पूर्ण जीनोमचा फायदा इथे दिसतो.

अटलांटिक कोणी ओलांडला?

आता परत येऊ विदर्भात आलेल्या टोळाकडे. तो वाळवंटी टोळ, शिस्टोसर्का ग्रेगेरिया. या वंशाची गंमत अशी, की यात साधारण पन्नास प्रजाती आहेत, आणि हा एक सोडला तर बाकी सगळ्या अमेरिका खंडांत! एकटा हा आफ्रिका, अरबस्तान आणि आपल्याकडे. मग मूळ घर कुठलं? अमेरिका, आणि तिथून एक जण इकडे आला? की आफ्रिका, आणि इथून कोणी तिकडे गेला?

ऑक्टोबर १९८८ मध्ये निसर्गानंच एक प्रयोग करून दाखवला. पश्चिम आफ्रिकेतून निघालेले वाळवंटी टोळ अटलांटिक महासागर ओलांडून कॅरिबियन बेटांवर उतरले. सुमारे पाच हजार किलोमीटर, दहाएक दिवसांत. म्हणजे जाता येतं हे सिद्ध झालं. पण लाखो वर्षांपूर्वी काय घडलं, ते त्यावरून ठरत नाही.

२००४ साली होजुन साँग या संशोधकानं शरीररचनेवरून वंशावळ मांडली. तिच्यात वाळवंटी टोळ अमेरिकी प्रजातींच्या मध्ये जाऊन बसला. अर्थ असा, की मूळ घर अमेरिका आणि प्रवास आफ्रिकेकडे. दोनच वर्षांनी, २००६ साली, दुसऱ्या एका गटानं मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वापरला, आणि उत्तर बरोबर उलटं आलं. वाळवंटी टोळ झाडाच्या बुंध्याशी, अमेरिकी मंडळी पुढच्या फांद्यांवर. म्हणजे पूर्वज आफ्रिकेतून उडत गेले.

शरीर एक सांगतं, डीएनए दुसरं. कोणाचं खरं मानायचं? 'डीएनए म्हणतोय म्हणजे खरंच' असं म्हणून आपण मोकळे झालो, तर चूक होईल. कारण नाकतोड्यांच्या डीएनएत एक सापळा आहे.

दुसऱ्या ग्रंथात बांधलेली जुनी पानं

१९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक शोध छापून आला. टोळाच्या पेशीकेंद्रकातल्या डीएनएत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे तुकडे सापडले होते. कधीतरी पोथीचं एखादं पान सुटतं, मोठ्या ग्रंथात जाऊन पडतं, आणि बांधणीत कायमचं शिवलं जातं. या तुकड्यांना पुढे 'नुम्ट' असं नाव मिळालं. केंद्रकातला जीनोम जितका अवजड, तितके हे तुकडे साठण्याची शक्यता जास्त, आणि नाकतोड्यांचे जीनोम किती अवजड आहेत ते आपण पाहिलंच. वाळवंटी टोळात तर नियंत्रक पट्ट्याच्या अशा जुन्या नकला नव्वदच्या दशकात सापडल्या होत्या.

यानं बिघडतं काय? समजा आपल्याला मायटोकॉन्ड्रियातलं एक जनुक वाचायचं आहे. आपण पीसीआर करून त्याच्या प्रती काढतो. पण त्या जनुकासारखाच तुकडा केंद्रकातही आहे. यंत्राला फरक कळत नाही, ते त्याच्याही प्रती काढतं. आपण समजतो आजची पोथी वाचली, आणि हातात असतं कुठल्यातरी खापरपणजीच्या काळचं सुटं पान. मग दोन सख्ख्या बहिणींची नोंद दोन प्रजाती म्हणून होते.

ही भीती काल्पनिक नाही. प्राण्यांच्या ओळखीसाठी सीओ-१ या जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वापरतात, त्याला डीएनए बारकोड म्हणतात. साँग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली नाकतोडे आणि गोड्या पाण्यातले शेवंडे घेऊन दाखवलं, की नुम्टची भेसळ झाली तर बारकोडवरून प्रजातींची संख्या प्रत्यक्षाहून फुगते. एक प्रजाती अनेक असल्यासारखी दिसते. ज्यावर कीडनियंत्रण आणि संवर्धन, दोन्हींचे निर्णय व्हायचे, तो आकडाच चुकीचा.

मग हे जुनं पान ओळखायचं कसं? काही खुणा आहेत. केंद्रकात अडकलेल्या तुकड्याला काही काम नसतं, म्हणून त्यात बिनधास्त चुका साठतात. प्रथिनाच्या मधोमध 'थांबा' सांगणारा शब्द येतो, एखादं अक्षर गळतं आणि पुढचं वाचन बिघडतं. मात्र इथेही जपून. कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियाची भाषा केंद्रकाहून थोडी वेगळी आहे. टीजीए हा शब्द केंद्रकात 'थांबा' म्हणतो, मायटोकॉन्ड्रियात तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा असतो. चुकीच्या कोशातून वाचलं, तर चांगली पोथीही खोटी वाटेल. आणि नुकतंच अडकलेलं पान असेल, तर त्यात चुका साठलेल्याच नसतात. ते या चाळणीतून सहज निसटतं.

म्हणूनच पूर्ण जीनोम वाचण्याला महत्त्व आहे. सुटं पान पोथीत खपून जातं, पण सगळी पोथी सलग, गोल जुळली पाहिजे अशी अट घातली, तर सुट्या पानाला जागा मिळत नाही. पूर्वी त्यासाठी लांब-लांब तुकडे वाढवून एकमेकांवर टोकं जुळवत. आता सगळ्या डीएनएचं वरवरचं वाचन करतात. मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती हजारोंनी असल्यामुळे त्याची अक्षरं पुन्हापुन्हा येतात, नुम्टची क्वचित.

आता अटलांटिकच्या वादाचं काय झालं? २०१३ साली साँग आणि सहकाऱ्यांनी तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. या वेळी केंद्रकात दडलेल्या जुन्या पानांना नुसता कचरा न मानता, जुन्या काळाच्या खुणा म्हणून वाचलं. निष्कर्ष निघाला, की शिस्टोसर्का वंशाचे पूर्वज आफ्रिकेच्या बाजूनं अमेरिकेत गेले. म्हणजे ज्यानं २००४ साली अमेरिका हे मूळ घर म्हटलं होतं, त्यानंच पुराव्यापुढे आपलं मत बदललं. विज्ञानात याला नामुष्की म्हणत नाहीत.

एक साक्षीदार पुरत नाही

आणखी एक मर्यादा सांगून आपण समारोपाकडे जाऊ. ही पोथी फक्त आईच्या रेघेची आहे. दोन जवळच्या प्रजातींत संकर झाला, तर एकीची पोथी दुसरीच्या घरात जाऊ शकते, आणि बापाकडची कहाणी या पोथीत येतच नाही. ३७ जनुकं असली तरी ती एकाच कड्यावर, एकत्रच वारशात जातात, म्हणून त्यांना ३७ स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. साक्षीदार एकच, फक्त त्याची जबानी लांबलचक. म्हणून हल्ली केंद्रकातली जनुकं आणि शरीररचना जोडीला घेतात.

अशा जोडीनं मोठी चित्रं उभी राहिली आहेत. २०१८ साली अ‍ॅक्रिडिडी कुळाचा असा अभ्यास आला, मायटोकॉन्ड्रियाचे जीनोम अधिक केंद्रकातली काही जनुकं. या कुळाचं मूळ आफ्रिकेत असावं असा समज होता. अभ्यासातून आलं दक्षिण अमेरिका, सुमारे ५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी. डायनोसॉर संपून थोडाच काळ झाला होता. खंड तोवर बरेचसे दुरावले होते, म्हणजे या मंडळींनी समुद्र ओलांडले असले पाहिजेत. गंमत बघा, कूळ दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलं, आणि त्यातल्या एका वंशाचे पूर्वज फार नंतर आफ्रिकेच्या बाजूनं अमेरिकेत परतले.

आणि टोळपण? ते या झाडावर अनेकदा, स्वतंत्रपणे उगवलेलं दिसतं. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वाळवंटी टोळाबद्दल जे कळलं ते लोकस्टाला जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही. दोघांना गर्दीत थवा करता येतो, पण ती युक्ती दोन घराण्यांनी आपापली शोधलेली आहे. उलट ज्या प्रजातीचे जवळचे नातेवाईक टोळ आहेत, ती आज शांत असली तरी तिच्यावर नजर ठेवावी. हे वंशावळीशिवाय कळत नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम हा चांगला साक्षीदार आहे, स्वस्त, बोलका आणि जुन्या आठवणींचा. पण त्याची उलटतपासणी केल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

प्रश्नोत्तरं

*थव्यातल्या टोळाचा डीएनए बघून पुढची धाड कधी येईल हे सांगता येईल का?*

नाही. एकटा टोळ आणि थव्यातला टोळ यांची पोथी एकच असते. बदलतं ते काय, तर कोणतं जनुक किती चालू आणि कधी बंद. मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम 'कोण आहे' आणि 'कुठल्या घराण्यातला' हे सांगतो. धाडीचा अंदाज पाऊस, वारा, ओली वाळू आणि हिरवळ यांवरूनच करावा लागतो. आपल्याकडे टोळ इशारा संघटना १९३९ पासून अशी पाहणी करते आहे.

*संग्रहालयात ठेवलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कीटकांतून डीएनए मिळतो का?*

मिळतो, पण तुकड्यातुकड्यांत. मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती मुळातच खूप, त्यामुळे त्याचे तुकडे हाती लागण्याची आशा जास्त. उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वतातला टोळ एकेकाळी प्रचंड थव्यांनी येत असे. त्याचा शेवटचा जिवंत नमुना १९०२ साली मिळाला, त्यानंतर तो नाहीसाच झाला. त्याच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला गेला आहे. म्हणून पिनेवर टोचलेल्या, तारीख आणि गावाचं नाव लिहिलेल्या जुन्या नाकतोड्याला कमी लेखू नका.

*मग आता शरीररचना शिकायची गरज उरली नाही, असं म्हणायचं का?*

उलट आहे. ज्या पायातून डीएनए काढला तो पाय कोणत्या प्रजातीचा, हे आधी कुणीतरी डोळ्यांनी ओळखलेलं असावं लागतं. ती ओळख चुकली, तर जीनोम कितीही नीट वाचला तरी चुकीच्या नावाखाली नोंदवला जातो, आणि पुढचे सगळे त्या चुकीची नक्कल करत राहतात. पोथ्यांच्या बाबतीत नकलनविसाच्या चुकांचं काय होतं ते आपण पाहिलंच. तेव्हा या पावसाळ्यात गवतात हिंडाल, तेव्हा नाकतोडा दिसला की नुसता फोटो काढून थांबू नका. मिशा आखूड की लांब, तोंड तिरकं की सरळ, आणि तो कुठल्या झाडावर बसलाय, एवढं टिपून ठेवा.